पाहुण्यांस आपला मुलूख कसा दाखवावा : महाड व पोलादपूर तालुक्यांतील एकेका दिवसाच्या सहली

मार्गशीर्ष उजाडला, झोडणी उरकली, भात कणगींत पडलें, म्हणजे महाड-पोलादपूरकडील शेतकऱ्याच्या घरीं पाहुण्यांची वर्दळ सुरू होते. मुंबईस व बडोद्यास नोकरीनिमित्त गेलेले भाऊ मुलांबाळांसह येतात, पुण्यास दिलेली लेक माहेरीं येते, व्याही व विहीणबाई येतात. दोन दिवस ओटीवर गप्पा होतात. तिसऱ्या दिवशीं मुलें विचारूं लागतात कीं, येथें पाहण्यासारखें काय आहे? यजमान थोडा गडबडतो, आणि बहुधा एक गाडी ठरवून सर्वांस महाबळेश्वरास नेऊन आणतो. मुलें घोड्यावर बसतात, स्ट्रॉबेरी खातात, आणि रात्रीं ओकाऱ्या करीत घाट उतरतात. पैसा खर्च होतो, पण स्वतःच्या तालुक्यांतलें कांहींच पाहिलें जात नाहीं.

महाबळेश्वराशीं आमचें कांहीं वैर नाहीं. आपली सावित्री तेथेंच उगम पावते व पुढें हरिहरेश्वर-बाणकोटच्या बाजूस समुद्रास मिळते, हें मुलांना दाखविण्यापुरतें तेथें एकदां जावेंच. परंतु घाटाखालचा आपला मुलूख दाखविण्यास लाज वाटण्याजोगा आहे अशी जी एक समजूत शेतकऱ्याच्या मनांत बसली आहे, ती आम्हांस खटकते. म्हणून या अंकीं, सकाळीं निघून दिवे लागणीस घरीं परत येतां येईल अशीं कांहीं ठिकाणें आम्ही सांगतों. तीं पाहतांना शेतकऱ्याच्या डोळ्यांनीं काय पाहावें, आणि कोठें मुलांचा हात सोडूं नये, हेंही सांगूं. दुसरी गोष्ट पहिलीहून अधिक महत्त्वाची आहे.

प्रथम काळवेळ. शहरांतील मंडळींस श्रावणांतलें हिरवें कोंकण व धबधबे हवे असतात. नेमक्या त्याच वेळीं आपल्यास लावणी-बेणणींतून डोकें वर काढण्यास फुरसत नसते. महाडास वर्षाकाठीं ३००० मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो, व त्यांतला बहुतेक सारा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. घाटरस्त्यांवर दरडी येतात, ओढे क्षणांत चढतात. तेव्हां आमचें स्पष्ट मत असें कीं, कुटुंबासह फिरण्याचा काळ दिवाळीपासून शिमग्यापर्यंतचा. वैशाखांत मुलांस सुट्टी असते हें खरें. त्या दिवसांत पहाटे निघून दहाच्या आंत चढण संपवावी आणि दुपार सांवलींत काढावी.

रायगड सर्वांस ठाऊक आहे, म्हणून त्याचा इतिहास येथें उगाळीत नाहीं. महाडपासून पंचवीस किलोमीटरांच्या आसपास पाचाड. वाटेंत नाते लागतें. रिझर्व्ह बँकेचे पहिले हिंदी गव्हर्नर चिंतामणराव देशमुख यांचा जन्म १८९६ सालीं याच नात्यांत झाला, एवढें मुलांस गाडींतच सांगावें. पाचाडास जिजाऊसाहेबांचा वाडा व समाधि आहे. राज्याभिषेक ६ जून १६७४ रोजीं झाला व अवघ्या अकरा दिवसांनीं, १७ जूनला, त्या येथें निवर्तल्या. प्रथम येथें थांबावें व मग गड चढावा. उतरून आल्यावर कोणाच्याही अंगांत त्राण उरत नाहीं. पायऱ्या सुमारें १४०० आहेत. १९९६ पासून हिरकणीवाडीहून रज्जुमार्ग चालतो, म्हणून म्हाताऱ्या माणसांस घरीं ठेवण्याचें आतां कारण नाहीं. मात्र आमची सूचना अशी कीं, धडधाकट मुलांस पायींच चढूं द्यावें. महादरवाज्याशीं घामाघूम होऊन पोंचल्याशिवाय हा दरवाजा असा दोन बुरुजांच्या कुशींत दडवून कां बांधला, हें समजत नाहीं.

गडावर गेल्यावर राजसभा, बाजारपेठ, जगदीश्वर, महाराजांची समाधि, टकमक हीं सारीं पाहावींच. पण शेतकऱ्यानें अर्धा तास पाण्याकडे द्यावा. समुद्रसपाटीपासून सुमारें ८२० मीटर उंचीच्या उघड्या कातळावर एक राजधानी राहत होती. माणसें, घोडे, हत्ती, सर्वांस बारमाही पाणी लागत असे. तें कोठून आणलें? बांधकामासाठीं जेथें दगड काढला तेथेंच खाणींचीं तळीं केलीं. दगडही मिळाला, पाणीही सांठलें. गंगासागर हें त्याचें ठळक उदाहरण. हत्ती तलाव अनेक वर्षें गळत होता. अलीकडे गडाच्या संवर्धनाच्या कामांत त्याची गळती बुजविण्यांत आली व त्यांत पुन्हा पाणी ठरूं लागलें. आतां खालीं पाहा. याच गडाच्या पायथ्याच्या वाड्या चैत्र-वैशाखांत हंड्याभर पाण्यासाठीं वणवण करतात. पाऊस दोहोंकडे एकच. फरक आहे तो अडविण्याचा. आपल्या शेताच्या वरच्या अंगास मुरमाची वा दगडाची जुनी खाण पडीक असेल, तर ती बुजवून टाकण्यापूर्वीं तिचा तळ धरतो कीं नाहीं हें एका पावसाळ्यांत पाहावें. गडावरून आणण्याजोगी ही एक वस्तु आहे, व तिला पैसे पडत नाहींत.

हिरकणीची आख्यायिका मुलांस फार आवडते. आम्ही ती सांगतांना एक प्रश्न विचारीत असतों : ती गवळण गडावर कशासाठीं गेली होती? दूध घालण्यास. म्हणजे एवढ्या मोठ्या राजधानीची रोजची गरज पायथ्याचीं घरें भागवीत होतीं. आजही पाचाडच्या व आसपासच्या वाड्यांतील बाया गडावर ताक व काकड्या विकतात, आणि खालीं घरोघरीं पिठलें-भाकरी मिळते. शहरांतून डबे बांधून आणण्यापेक्षां तेथेंच जेवावें. शेतकऱ्याचा पैसा शेतकऱ्याच्याच घरांत जावा, एवढा आपलेपणा आपण ठेवावा.

लहान मुलें बरोबर असतील तर ६ जून, ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशी व चैत्री पौर्णिमा हे दिवस टाळावे. त्या दिवशीं गडावर पाऊल ठेवण्यास जागा नसते. भर पावसांत तर गड नकोच. २०२४ च्या जुलैंत ढगफुटीसारखा पाऊस होऊन त्याच पायऱ्यांवरून पाण्याचे लोंढे कोसळले व चढणारीं माणसें अडकलीं. जुलै २०२५ मध्यें युनेस्कोनें मराठ्यांच्या १२ किल्ल्यांची जागतिक वारशांत गणना केली; त्यांत रायगड आहे व शेजारचा प्रतापगडही आहे. तेव्हां गर्दी यापुढें वाढणारच.

आतां महाड शहर. येथील चवदार तळ्याजवळून आमचे पुष्कळ बंधु रायगडाकडे निघून जातात, पण गाडी थांबवीत नाहींत. तें ठिकाण जणूं दुसऱ्या कोणाचें आहे, असा एक न बोललेला संकोच असतो. आम्ही तो बोलून टाकूं इच्छितों, कारण तो गैर आहे.

या तळ्याची हकीकत मुळांत पाण्याची आहे, आणि पाण्याची हकीकत शेतकऱ्यास समजावून सांगावी लागूं नये. सार्वजनिक पाणवठे सर्वांस खुले करण्याचा बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळानें १९२३ सालीं केला. महाडच्या नगरपालिकेनें १९२४ सालीं आपलें तळें खुलें केल्याचें ठरविलें. पण ठराव कागदावर राहिला. गुरें तळ्यावर पाणी पीत, आणि अस्पृश्य म्हटलेल्या माणसास तेथें ओंजळ भरण्याची सोय नव्हती. १९ व २० मार्च १९२७ रोजीं महाडास परिषद भरली आणि २० तारखेस डॉ. आंबेडकर व त्यांच्यामागून हजारों माणसें शांतपणें तळ्यावर जाऊन पाणी प्यालीं. त्यानंतर परत जाणाऱ्या लोकांवर गांवांत लाठ्या चालल्या, आणि तळें पंचगव्यानें ‘शुद्ध’ करण्यांत आलें. त्याच वर्षीं २५ डिसेंबरला महाडासच मनुस्मृतीचें दहन झालें. तळ्याचा दावा मात्र न्यायालयांत दहा वर्षें चालला. १९३७ सालीं मुंबई उच्च न्यायालयानें, बंदीची वहिवाट अनादि असल्याचें सिद्ध होत नाहीं असा निकाल दिला. या कामांत सुरेंद्रनाथ टिपणीस, अनंतराव चित्रे, सहस्रबुद्धे अशी सवर्ण मंडळीही उभीं होतीं, हेंही मुलांस सांगावें. नाहींतर त्यांस वाटेल कीं, त्या दिवशीं गांवांत एकही शहाणा मनुष्य नव्हता.

आणखी एक गोष्ट आपल्या सातबाऱ्याशीं लागून आहे. खोती नष्ट करण्याचें विधेयक डॉ. आंबेडकरांनीं १९३७ सालीं मुंबई विधिमंडळांत मांडलें होतें. प्रत्यक्ष कायदा १९४९ सालीं झाला. आज आमचे जे वाचक स्वतःच्या नांवच्या जमिनींत उभे आहेत, त्यांपैकीं कित्येकांचे आजे खोताच्या ओटीखालीं मक्ता मोजण्यास उभे राहत होते. ज्यांस हें ठाऊक आहे, त्यांनीं तळ्याच्या कांठीं गाडी थांबवून मुलांस खालीं उतरवावें. २० मार्च व २५ डिसेंबर या दिवशीं लाखों लोक येथें येतात. निवांत पाहावयाचें असल्यास दुसरा दिवस धरावा.

शहराबाहेर महामार्गालगतच गांधारपाल्याचीं बौद्ध लेणीं आहेत. लहानमोठीं धरून सुमारें ३०. एका लेखांत कानभोज विष्णुपालित या राजकुमाराचें नांव येतें. चढण थोडी असल्यानें आजीबाईसुद्धां जाऊं शकतात. लेण्यांतील कोरीव काम साधें आहे, वेरूळच्या मानानें तर फारच साधें. पाहुणे नाक मुरडण्याचा संभव आहे. परंतु ओसरींत बसून समोर पाहावें. गांधारी व सावित्री कोठें मिळतात, महाड त्या दोहोंच्या बेचक्यांत कसें वसलें आहे, भरतीचें पाणी खाडींतून किती आंतवर येतें, हें सारें येथून नकाशासारखें दिसतें. खालीं बंदर व वर घाट, यांच्या मधल्या वाटेवर जुन्या व्यापाऱ्यांनीं महाड कां निवडलें हें कळतें, आणि पूर याच गांवास इतका कां छळतो हेंही कळतें. वरून घाटमाथ्याचें पाणी येतें, खालून समुद्र तें ओढून घेत नाहीं, आणि पात्र गाळानें उथळ झालेलें. २२ जुलै २०२१ ला असेंच झालें व सारी बाजारपेठ बुडाली. त्या गाळांत आपल्या डोंगरउतारांवरची माती आहे. बांध न घातलेल्या वरकस जमिनीवर नाचणी-वरी पेरून आपण दरवर्षीं किती माती खालीं धाडतों, याचा हिशेब लेण्यांच्या ओसरींत बसून केला तर बरा.

सावित्रीवरील नवा पूल ओलांडतांना गाडींत क्षणभर गप्प बसण्याची आमच्या घरीं चाल आहे. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्रीं येथला १९२८ सालचा जुना पूल पुरांत वाहून गेला आणि एस. टी. च्या दोन गाड्या प्रवाशांसह नदींत गेल्या. दुसरा पूल पुढल्या जूनमध्यें वाहतुकीस खुला झाला. नदींत मगरी आहेत हेंही लक्षांत असावें. कांठावर कपडे धुण्यास वा मुलांस डुंबण्यास उतरवूं नये.

आम्हांस सर्वांत आवडणारें ठिकाण मात्र निराळेंच आहे, आणि तेथें गर्दी कमी असते. बिरवाडीच्या पुढें काळ नदीच्या पात्रांत वाळणकोंड म्हणून एक खोल डोह आहे. कांठीं देवीचें स्थान आहे, आणि डोहांतील मासे देवीचे म्हणून ते कोणी धरीत नाहीं. कुरमुरे टाकले कीं हातभर लांबीचे मासे थव्यानें वर येतात. मुलें तेथून हलत नाहींत. हे महाशीर जातीचे मासे होत. अभ्यासकांनीं अशा डोहांचें व देवरायांचें महत्त्व अलीकडे पुष्कळ सांगितलें आहे, पण आपल्या वाडवडिलांनीं तें देवीच्या नांवावर केव्हांच बांधून ठेवलें होतें. त्यांतलें मर्म असें : फाल्गुनानंतर नदी आटून कोंडाकोंडांपुरती उरते. त्या कोंडांत जे मासे तगतात तेच पहिल्या पावसांत प्रवाह चढून जाऊन गोट्यागोट्यांत अंडीं घालतात. एक कोंड विष घालून वा सुरुंग लावून मारला, तर वरचा-खालचा सारा ओढा ओस पडतो. ज्या गांवांत हें पाप झालें आहे तेथील लोक आज ओढ्यांतल्या मुऱ्या व मळ्यांच्या फक्त आठवणी सांगतात.

वलगणीच्या दिवसांत पहिल्या पावसाबरोबर शेतांत चढलेले गाभोळी मासे धरण्याची आपली चाल आहे. ती सोडा, असें आम्ही म्हणत नाहीं. ती चव आम्हांसही सुटलेली नाहीं. परंतु घरापुरते धरावे, टोपल्या भरून विकूं नये. आणि भातावर मारण्याच्या औषधाचे डबे ओढ्यांत विसळूं नयेत. त्यानें जें मरतें तें कोणाच्याही पानांत पडत नाहीं. वाळणकोंडास गेलेल्या पाहुण्यांनीं साबण लावून पाय धुण्यास आरंभ केल्यास त्यांस हात धरून थांबवावें. त्यांत भिडेचें कारण नाहीं.

वरंध घाटाच्या कुशींतील शिवथरघळ महाडपासून तीसएक किलोमीटर आहे. समर्थांनीं दासबोधाचें लेखन येथें केलें असें मानतात. धुळ्याचे शंकरराव देव यांनीं १९३० सालीं या घळीचा शोध लावला. घळीवरून धबधबा पडतो. तो पाहावयाचा तर दसऱ्याच्या सुमारास जावें, तेव्हां पाणीही असतें व धोकाही कमी. दुपारीं तेथें मन फार निवतें. सव येथील गरम पाण्याचे झरे सांधे धरलेल्या वडीलधाऱ्यांस आवडतील. लहानांस तेथें कंटाळा येतो.

पोलादपूरकडे जावयाचें तर गांवांतच शिवभारताचे कर्ते कवींद्र परमानंद यांची समाधि आहे, आणि पुढें उमरठास तानाजी मालुसरे यांचें स्मारक. सिंहगडावर ४ फेब्रुवारी १६७० रोजीं पडलेला हा वीर भातशेतीच्या एका खेड्यांतला होता, हें तेथें गेल्यावर पटतें. तालुक्यांतील मोरझोतचा धबधबा दूरूनच पाहावा. तेथून आंबेनळी घाटानें प्रतापगड गांठतां येतो. १० नोव्हेंबर १६५९ ची जागा वरून दाखवावी.

परंतु आंबेनळीचें नांव घेतलें कीं आमची लेखणी अडखळते. २८ जुलै २०१८ रोजीं दापोलीच्या कोंकण कृषि विद्यापीठाची कर्मचारी मंडळी सहलीसाठीं महाबळेश्वरास निघालीं होतीं. त्यांची गाडी या घाटांत दरींत कोसळली. तीस जण गेले, एकच वांचला. आपल्यापैकीं अनेकांनीं भाताचें बियाणें व आंब्याचीं कलमें याच विद्यापीठांतून आणलेलीं. त्यामुळें हें दुःख आपल्या घरचेंच होय. चालकाचें सारें लक्ष रस्त्यावर राहील असें गाडींत वागावें, गाणीं व गोंगाट माथ्यावर गेल्यावर करावा, पावसाळ्यांत हा घाट वर्ज्यच समजावा, आणि धुकें आल्यास मागें फिरण्यांत कमीपणा मानूं नये, इतकें तरी आपण त्यांच्या स्मृतीस देणें लागतों.

पाहुणे कधीं कधीं तळिये दाखवा म्हणतात. तेथें तमाशासाठीं नेऊं नये. २२ जुलै २०२१ ला डोंगर खालीं येऊन ऐंशींहून अधिक माणसें गाडलीं गेलीं. त्याच दिवशीं पोलादपुरांतही वाड्यांवर दरडी आल्या, आणि त्यापूर्वीं २००५ च्या जुलैंत दासगांव, जुई, कोंडिवते येथें हेंच झालें होतें. मात्र आपल्या स्वतःच्या वाडीवरचा डोंगर पाहुण्यांतील तरुण मुलांस घेऊन एकदां अवश्य फिरावा. माथ्यावर जमिनीस लांबट भेगा पडल्या आहेत काय, सरळ वाढलेलीं झाडें अलीकडे कललीं आहेत काय, घराच्या चौथऱ्यास नव्या चिरा गेल्या आहेत काय, नेहमींचा झरा एकाएकीं गढूळ झाला किंवा बंद पडून दुसरीकडे फुटला काय, हें पाहावें. यांतलें कांहींही दिसल्यास तलाठ्यास व तहसीलदारास लेखी कळवावें, आणि मुसळधार पावसाच्या रात्रीं त्या घरांत निजूं नये. उतारावर चर खणून त्यांत पाणी मुरविणें सर्वत्र चांगलें असतें असें नाहीं. जेथें घरांच्या वर माती सैल आहे तेथें पाणी बाजूनें काढून देणेंच हिताचें.

आमच्या हातून घडलेला एक प्रमादही सांगतों. कांहीं वर्षांपूर्वीं गौरी-गणपतीनंतर भाचरांस घेऊन आम्ही एका ओढ्यावर गेलों होतों. ऊन पडलेलें, पाणी घोट्याएवढें. मुलें खेळत होतीं आणि आम्ही खडकावर भाकरीचें गाठोडें सोडून बसलों होतों. पलीकडल्या अंगास गुरें राखणारा एक म्हातारा एकाएकीं ओरडूं लागला. आम्हांस वाटलें, गुरें शेतांत शिरलीं असावींत. मग त्यानें काठीनें पाण्याकडे दाखविलें : पाणी तांबूस होऊं लागलें होतें व त्यावर ओलीं पानें व काटक्या येत होत्या. मुलांस ओढून कांठावर चढविलें आणि वळून पाहतों तों खडक दिसेनासा झाला होता. आमच्या डोक्यावर एक थेंबही पडला नव्हता. पाऊस वर घाटांत झाला होता. शेतकरी म्हणवून घेणाऱ्या आम्हांस तें गुराख्यानें शिकवावें लागलें. तेव्हांपासून भाद्रपद संपेतों ओढ्यांत मुलांस सोडावयाचें नाहीं, असा घरचा नियम आहे. पाण्याचा रंग बदलला, पानें आलीं, वरून घुमल्यासारखा आवाज आला, कीं चपला शोधीत बसूं नये.

एकंदर चार दिवस हाताशीं असतील तर एक रायगड-पाचाडास, एक महाड शहर व लेण्यांस, एक वाळणकोंड व शिवथरघळीस, आणि एक पोलादपूर-उमरठास द्यावा. रेल्वेनें येणाऱ्यांस वीर स्थानक जवळ पडतें. दोनच दिवस असतील तर आम्ही रायगड व वाळणकोंड निवडूं, आणि तळें दोहोंच्या वाटेवर आहेच.

पौष-माघांत पाहुणे आले तर परत जाण्याच्या आदल्या रात्रीं पोपटी लावावी. भातानंतर ओलीवर केलेल्या वालाच्या शेंगा तेव्हां भरलेल्या असतात. मडक्याच्या तळाशीं भांबुर्डीचा पाला, त्यावर शेंगा, मीठ, ओवा, बटाटे व खाणारांसाठीं अंडीं किंवा कोंबडी, तोंडाशीं पुन्हा पाला गच्च बसवून मडकें शेतांत उपडें ठेवावें आणि भोंवतीं पेंढा व काटक्या रचून पेटवाव्या. अर्ध्या तासानें मडक्यावर पाण्याचे चार थेंब शिंपडावे. ते चर्र करून तत्काळ उडाले म्हणजे पोपटी झाली. पाणी आंत घालावयाचें नाहीं, आणि आग पेंढ्याच्या उडवीपासून दूर असावी.